तिसरा गिअर तेवढा राहू दे

"बाकी सगळं कर," थोरले म्हणाले, "पण तिसऱ्या गिअरला हात लावायचा नाही."

गॅरेजवाला पिकअपच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकला होता. तो तसाच थांबला आणि आतूनच त्याने विचारले, "का? तो चांगला आहे का?"

"छे! निसटतो."

"निसटतो म्हणजे?"

"टाकला की जरा वेळ राहतो आणि मग आपला आपण न्यूट्रलला येतो. हातानं धरून ठेवावा लागतो."

"अहो काका, मग तोच आधी करायला पाहिजे!"

"तो राहू दे. आणि डावीकडचं दार लागत नाही, त्यालाही काही करू नकोस. केबिनची मागची काच फुटलीय, तिथं नवी बसवू नकोस. तिथून दोरी आत येते."

"कसली दोरी?"

थोरल्यांना ते सांगायचे नव्हते. त्यांनी चेहरा गंभीर केला. "जुनी गाडी आहे. मूळ रूपात ठेवायची. हल्ली तशी पद्धत आहे."

"कंपनीनं दार न लागणारं दिलं होतं का?"

"तू फार वाद घालतोस," थोरले म्हणाले आणि घरी निघून गेले.

गॅरेजवाला फडक्याला हात पुसत त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. त्याच्याकडे नाना तऱ्हेची गिऱ्हाइके येत. गाडीचा आवाज येतो म्हणून येणारी, आवाज येत नाही म्हणून घाबरून येणारी, आणि काहीच बिघडलेले नसताना नुसती गप्पा मारायला येणारी. पण बिघाड जपून ठेव म्हणणारे गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिले.

थोरले म्हणजे दोघा भावांतले मोठे आणि धाकटे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. दोघांनी मिळून ही पिकअप घेतली होती आणि तिच्यावर लोकांची घरे हलवायचा धंदा केला होता. सामान हौद्यात चढवायचे, दोरीने आवळायचे, नव्या जागी उतरवायचे. त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. "थोरल्या-धाकट्यांना बोलवा," असेच लोक म्हणत, जसा काही तो एकच माणूस असावा.

गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती. पुढे तिचे दोष वाढत गेले आणि प्रत्येक दोषावर एकच दुरुस्ती निघाली. ती म्हणजे धाकटे.

पहिल्यांदा तिसरा गिअर निसटायला लागला. हे कसे होते ते समजून घ्यायचे असेल तर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून पाहा. घट्ट बसतात, ओढली तरी सुटत नाहीत. आता तीच बोटे निम्मी झिजली आहेत आणि वर त्यांना तेल लावले आहे असे समजा. जरा ताण आला की ती सुटणारच. गिअरच्या दात्यांचे तसेच असते. मग कोणीतरी दांडा बाहेरून धरून ठेवावा लागतो. धाकटे शेजारी बसतच होते, त्यांनी उजव्या हाताने तो धरला. पुढे डावीकडचे दार लागेनासे झाले. त्याला एक पट्टा बांधला आणि तो धाकट्यांनी डाव्या हातात घेतला. मग हौद्याच्या पुढच्या कड्या तुटल्या. सामानाची दोरी अडकवायला जागा राहिली नाही, पण केबिनच्या मागची काच नेमकी फुटली होती. दोरीचे टोक तिथून आत घेतले. तेही धाकट्यांकडे आले.

थोरल्यांकडे स्टिअरिंग होते. लोकांना ते सांगत, "गाडी मी चालवतो. हा आपला शेजारी बसतो." लांबचा रस्ता असला की ते सहज विचारीतही, "काय रे, नुसतं बसून कंटाळा येत नाही का तुला?"

धाकटे काही बोलत नसत. त्यांना दोन हात होते आणि कामे तीन होती, त्यामुळे बोलायला सवड नसावी.

मग आई थोरल्यांकडे राहायला आली. येताना तिने एकच वस्तू बरोबर आणली, आरशाचे कपाट. ते हौद्यात उभे करून दोघे भाऊ निघाले. घराजवळच्या वळणावर तिसरा निसटला, दार उघडले आणि कपाट कलंडले, आणि हे सगळे एकाच वेळी झाले. कपाट वाचले, आरसा गेला.

"तू सोडलंस!" थोरले ओरडले.

"तू वळवलंस!" धाकटे ओरडले.

भांडण एवढेच, दोन वाक्यांचे. पण दोन्ही वाक्ये खरी होती, त्यामुळे कोणालाच आपले वाक्य मागे घेता आले नाही. आईने मधे पडून पाहिले. म्हणाली, "अरे, आरसाच फुटला ना? मला माझं तोंड पाठ आहे." कोणी हसले नाही. त्या दिवशी पिकअप जी अंगणात उभी राहिली ती तिथेच राहिली. आईने पुढची काही वर्षे या मुलाकडून त्या मुलाकडे जाण्यात आणि याची खुशाली त्याला सांगण्यात घालवली. तिच्या शेवटच्या दिवशी दोघे तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे होते. तिच्याशी दोघेही बोलले. एकमेकांशी नाही.

पिकअपवर भोपळ्याचा वेल चढला. हौद्यात मांजराच्या किती पिढ्या वाढल्या ते मांजरालाच ठाऊक. थोरले एका मोठ्या दुकानाच्या गोदामावर जाऊ लागले, धाकटे पार्सलच्या कचेरीत काउंटरवर बसू लागले. दोघांच्या बायकांनी मात्र हे भांडण कधी मनावर घेतले नव्हते. रोज सकाळी दोघी जावांचा फोन चाले, आणि फोन संपला की थोरल्यांची बायको भाजी निवडता निवडता सगळ्या बातम्या मोठ्याने स्वतःलाच सांगत असे. थोरले वर्तमानपत्र पुढे धरून त्या ऐकत.

हे असेच चालले असते. पण एक दिवस थोरले सिग्नलपाशी रस्ता ओलांडायला उभे असताना समोर एक बस थांबली. पहिल्याच बाकावर, खिडकीशी धाकटे बसलेले होते. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. त्यांनी थोरल्यांना पाहिले नाही. ते समोर बघत होते आणि त्यांचा उजवा हात गुडघ्याशेजारी मूठ वळून ठेवलेला होता. मुठीत काहीच नव्हते. बस हलली तशी ती मूठ आणखी घट्ट झाली.

थोरले रस्ता न ओलांडता घरी परतले आणि त्यांनी भोपळ्याचा वेल काढायला घेतला.

"आज काय काढलंत हे?" बायकोने विचारले.

"गाडी चालू करणार आहे. आईचं कपाट काचवाल्याकडे नेतो. आरसा बसवून आणू."

"टेम्पो सांगा की एखादा."

"आपली गाडी असताना?" थोरले वेल ओढत म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त एक आहे. ती एकट्याला चालवता येत नाही. तिसऱ्याला माणूस लागतो. उद्या फोनवर विषय निघाला तर... निघाला तर हं... तेवढं सांग तिकडे."

"सासूबाई असताना सुचली असती ही बुद्धी," बायको म्हणाली आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता आत जाऊन फोन फिरवला.

दोन दिवसांनी तिकडून उत्तर आले. "भाऊजी म्हणतात, गाडी तयार झाली की त्या रविवारी येतो. पण तिसरा अजून निसटतो का ते आधी विचार, म्हणाले. निसटत नसेल तर माझं काय काम?"

"निसटतो म्हणावं," थोरले घाईघाईने म्हणाले. "चांगला निसटतो. पहिल्यापेक्षा जास्तच."

म्हणून त्यांनी गॅरेजवाल्याला तशी ताकीद दिली होती.

पण गॅरेजवाला मनाने चांगला होता, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या चांगुलपणाने झाला. म्हाताऱ्याला खर्च झेपत नसावा म्हणून तो तिसरा गिअर नको म्हणतो, असा त्याने अर्थ लावला. त्याच्या मागच्या आवारात त्याच मॉडेलची एक मोडीत निघालेली गाडी होती. तिचा गिअरबॉक्स उत्तम होता. त्याने तो काढून थोरल्यांच्या गाडीला बसवला, दाराला नवी कडी लावली, मागे नवी काच बसवली. गुरुवारी संध्याकाळी पिकअप स्वतःच्या पायांनी अंगणात आली तेव्हा तिचा निळा रंग चमकत होता आणि गॅरेजवाल्याचा चेहरा तिच्याहून जास्त.

"काका, तिसरा टाका!"

थोरल्यांनी गाडी रस्त्यावर नेऊन तिसरा टाकला आणि हात काढला. ते वाट बघत राहिले. दांडा हलला नाही. पुढचा चौक गेला, शाळा गेली. दांडा हलला नाही.

"निसटत नाही," थोरले खोल आवाजात म्हणाले.

"आता आयुष्यात निसटणार नाही! आणि त्याचे पैसे नकोत मला. माझ्याकडून भेट."

थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे आहे असे समजून गॅरेजवालाही गहिवरला.

तो गेल्यावर थोरल्यांनी आधी दार हाती घेतले. ते त्यांनी जोरात आपटले, म्हणजे कडी तरी तुटेल. दार सुरेख लागले. त्यांनी आणखी जोरात आपटले. दार आणखी सुरेख लागले. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, माणसं संपली वाटतं भांडायला? दाराशी काढलंत?"

"मोडत नाहीये ग हे!"

"मोडायचंय कशाला?"

"रविवारी तो येणार आहे! बसेल, दांड्यावर हात ठेवेल, आणि दांडा घट्ट! म्हणेल, खोटं सांगून बोलावलं. पुन्हा निघून जाईल. आणि मग..."

शुक्रवारी सकाळी ते गॅरेजात गेले. "जुना गिअरबॉक्स कुठाय?"

"भंगारात दिला की. का?"

थोरले भंगारवाल्याकडे गेले. गिअरबॉक्स लगेच सापडला. ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर ठेवलेला होता.

"हा द्या मला."

"याच्यात काही राम नाही हो," भंगारवाला म्हणाला. "दाते गेलेत याचे. थांबा, चांगला दाखवतो."

"चांगला आहे माझ्याकडे. मला खराबच पाहिजे."

भंगारवाल्याने हातातला चहा खाली ठेवला. माणूस मुद्दाम खराब वस्तू मागतो, त्या अर्थी तिच्यात काहीतरी असणार. त्याने गिअरबॉक्स उलटा करून पाहिला, आत बोट घालून पाहिले, कानाशी नेऊन हलवून पाहिला. शेवटी काहीच न सापडल्यामुळे त्याचा संशय पक्का झाला आणि त्याने चांगल्या गिअरबॉक्सपेक्षा जास्त भाव सांगितला. थोरल्यांनी घासाघीस केली नाही. ते गेल्यावर भंगारवाला बराच वेळ हळहळत बसला.

शनिवारी गॅरेजवाला अंगणात आला. पिकअपखाली शिरून त्याने आपल्याच हाताने आपली भेट उतरवली आणि जुना गिअरबॉक्स चढवला. सबंध वेळ तो एक अक्षर बोलला नाही. दाराची कडी काढून पुन्हा पट्टा बांधला, मागची काच काढली. मग बाहेर येऊन एवढेच म्हणाला, "झालं मनासारखं?"

"बघायला पाहिजे. पहिल्यासारखं जमलंय का ते."

"मग मी चालवतो, तुम्ही शेजारी बसून धरा. किती निसटायला पाहिजे ते तुम्हालाच ठाऊक, मला नाही."

परीक्षा पूर्ण व्हावी म्हणून त्यांनी आईचे कपाटही हौद्यात चढवले. दोरी आवळून तिचे टोक मागच्या चौकटीतून आत घेतले. गॅरेजवाला स्टिअरिंगवर बसला आणि थोरले वळसा घालून डावीकडे गेले.

त्या बाजूला ते आयुष्यात कधी बसले नव्हते. गाडी त्यांच्याच मालकीची असूनही ती जागा त्यांना परक्याच्या घरातल्या खुर्चीसारखी वाटली. डाव्या हाताने दाराचा पट्टा ओढला. उजव्या हाताने दोरी घेतली. गाडी निघाली आणि गॅरेजवाल्याने तिसरा टाकला. दांडा थरथरू लागला तेव्हा थोरल्यांच्या लक्षात आले की उजव्या हातात आधीच दोरी आहे.

त्यांनी दोरी काखेत दाबली आणि दांडा धरला. दांड्याचा हादरा कोपरापर्यंत चढून बोटे बधिर झाली. खड्डा आला की कपाट मागे जाई आणि काखेतून दोरी ओढली जाई. दोरी सांभाळायला वळावे तर दार उघडे. दार ओढावे तर दांडा हातातून निसटू पाही. तशात चष्मा नाकावरून घसरायला लागला. तो वर करायला त्यांना हात उरला नव्हता. चष्मा शेंड्यापर्यंत आला, क्षणभर थांबला आणि पायाशी पडला.

गॅरेजवाला मजेत शीळ घालीत होता. आता कुठे त्याचा राग उतरला होता. तो सहज म्हणाला, "काय काका, नुसतं बसून कंटाळा नाही ना येत?"

तेवढ्यात वळण आले.

तिसरा निसटला, दार उघडले, कपाट दाणदिशी हौद्याच्या कडेवर आदळले. फुटायला आरसा नव्हता म्हणून काही फुटले नाही.

"थांबव," थोरले म्हणाले.

गाडी कडेला थांबली. थोरल्यांनी चष्मा शोधला नाही. ते दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसले.

"लागलं का काका?"

"तो हे रोज करत होता," थोरले म्हणाले. "मी म्हणत होतो, नुसता बसतो."

मग त्यांनी सगळे सांगितले, आरशापासून बसच्या खिडकीपर्यंत. "माझ्या भावाला तीन हात लागत होते रे, आणि मी त्याचे दोनसुद्धा कधी मोजले नाहीत."

गॅरेजवाल्याने वाकून चष्मा उचलला आणि शर्टाला पुसून त्यांच्या हातात दिला. "जाऊ द्या काका. उद्या येतायत ना ते? बसतील, धरतील, होईल गोड."

"नाही. आता पुन्हा त्याला हे धरायला लावू? तो चांगला गिअरबॉक्स परत बसव."

गॅरेजवाल्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. हॉर्न वाजला. तो तसाच वाजत राहिला.

"पण काका," बऱ्याच वेळाने डोके उचलून तो म्हणाला, "निसटत नसेल तर ते थांबणार नाहीत, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरं."

"मग?"

"तरी बसव."

रविवारी सकाळी लवकरच गॅरेजवाल्याचे पाय पुन्हा पिकअपखालून बाहेर दिसू लागले. थोरले आत दाढी करीत होते. अंगणात कोणीतरी आले. गॅरेजवाल्याला खालून फक्त चपला दिसल्या. बोलणे सोडले तरी दोघे भाऊ अजून त्याच दुकानातून त्याच घाटाच्या चपला घेत असत, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

"या, बघा डोळे भरून!" तो चपलांना उद्देशून म्हणाला. "काल म्हणालात बिघडव, आज म्हणता नीट कर. पंधरा वर्षं गॅरेज चालवतोय, चांगला गिअरबॉक्स काढून रडका बसवायची वेळ तुम्हीच आणलीत. का, तर भावाला धरायला काहीतरी पाहिजे, नाहीतर तो यायचा नाही! आणि स्वतः त्या जागेवर बसून बघितल्यावर डोळ्यांत पाणी. आता म्हणे भावाला काही धरायला लागू नये! अहो, मग हे त्यांना सांगा ना. मला आणि गिअरबॉक्सला सांगून काय होणार?"

"हं," चपला म्हणाल्या.

"नुसतं हं नका करू. पाना द्या तो."

पाना खाली आला.

"हा नव्हे, मोठा."

मोठा आला. तेवढ्यात थोरले दारात आले. एका गालाला फेस तसाच होता.

"आलास?"

"आलो."

"लवकर आलास."

"बस लवकर मिळाली."

इतकी वर्षे दोघांनीही मनात याहून कितीतरी बरी वाक्ये तयार करून ठेवली होती. आयत्या वेळी ही निघाली. गॅरेजवाला काम संपवून गाडीखालून सरपटत बाहेर आला. त्याने चपलांच्या एका जोडीकडे पाहिले, दुसऱ्या जोडीकडे पाहिले आणि तो पुन्हा खाली गेला.

वहिनींनी चहा दिला. धाकट्यांनी तो उभ्यानेच घेतला आणि वहिनींना विचारले, "फोनवर म्हणालात गुडघा दुखतो, आता कसा आहे?" कपाट हौद्यात होतेच. दाराला रात्रीच पुन्हा नवी कडी लागली होती, फक्त मागची काच आणि हौद्याच्या कड्या राहिल्या होत्या. धाकटे कोणी न सांगता डावीकडे गेले. दाराचा पट्टा शोधला, तो नव्हता. दार ओढले, ते हलकेच लागले. ते बसले आणि त्यांचा उजवा हात दांड्यावर गेला.

थोरले स्टिअरिंगवर बसले. "धरू नकोस. आता निसटत नाही तो."

"मग माझं काय काम?" धाकट्यांनी विचारले. त्यांना ते ठाऊक झाले होते, पण गाडीखालून ऐकणे वेगळे आणि शेजारून ऐकणे वेगळे.

"काही नाही. तू आपला नुसता बस." शब्द तोंडातून गेले आणि थोरल्यांनी डोळे मिटले. "म्हणजे तसं नव्हे. तसं म्हणायचं नव्हतं मला." ते दार उघडून उतरले, वळसा घालून आले आणि डावीकडच्या खिडकीशी उभे राहिले. "सरक तिकडे. तू चालव."

"मी? मला येतं कुठं?"

"येत नाही?"

"तू कधी शिकवलंस?" धाकटे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "शिकवतो म्हणाला होतास. आधी म्हणालास ब्रेक नीट झाले की. मग म्हणालास कामाची गर्दी ओसरली की."

"मग?"

"मग आरसा फुटला."

थोरल्यांनी गालावरून हात फिरवला. फेस गालावर वाळून गेला होता. "मग आता शिकवतो," ते म्हणाले. "सरक."

"या वयात? दादा, लोक हसतील."

"हसू देत." धाकटे सरकले आणि थोरले त्यांच्या जागी बसले. "डावा पाय क्लचवर ठेव. दाब. पूर्ण दाब. आता पहिला टाक. असा. आता पाय सोड, पण कसा? झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात काढतोस ना, जागं होऊ नये म्हणून, तसा."

पोर जागे झाले. गाडीने उडी मारली आणि ती बंद पडली. एव्हाना गाडीखालून निघून कट्ट्यावर बसलेल्या गॅरेजवाल्याने डोळे मिटून घेतले. मागे कपाट धडकले. थोरल्यांनी झटक्यात चौकटीतून दोरी आत ओढून डाव्या हाताला गुंडाळली. "काही नाही, काही नाही. माझी तर पहिल्या दिवशी भिंतीवर गेली होती. पुन्हा."

कितव्या तरी खेपेला पिकअप फाटकातून बाहेर पडली. ती पहिल्याच गिअरमध्ये चालली होती. शेजारून लोक पायी पुढे जात होते. भाजी घेऊन निघालेल्या एका बाईने थांबून वाट दिली आणि मग कंटाळून तीच पुढे निघून गेली. ओळखीचा एक सायकलवाला शेजारी येऊन बराच वेळ बरोबरीने चालला. "अरे वा! थोरले-धाकटे पुन्हा निघाले की! पण हे उलटे कसे बसलात?"

"पुढं बघून चालव," थोरले म्हणाले. ते सायकलवाल्याला म्हणाले की भावाला, ते कळले नाही. दोघांनीही पुढे पाहिले.

वळण दिसू लागले. धाकट्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळले. कानशिलावरून घाम निथळत होता.

"दादा, गिअर धर."

"अरे, आता निसटत नाही रे. आणि आपण पहिल्यात आहोत."

"तरी धर. आणि सोडू नकोस."

थोरल्यांनी उजव्या हाताने दांडा धरला. डाव्या हातात दोरी होती. दांडा खडकासारखा स्थिर होता, तरी त्यांनी तो जीव मुठीत घेऊन धरला. चष्मा घसरायला लागला. त्यांनी मान मागे केली आणि तो नाकाच्या शेंड्यावर कसाबसा तोलून धरला. गाडी वळली. कपाट जागचे हलले नाही.

काचवाल्याचे दुकान बंद होते. रविवारी ते बंदच असते. हे थोरल्यांना माहीत होते, धाकट्यांना माहीत होते, आणि फोनवर रविवार ठरवणाऱ्या दोन्ही जावांनाही माहीत होते. कोणीच तसे बोलले नव्हते.

धाकट्यांनी ब्रेक दाबला, क्लच विसरले, आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. दोघे बंद शटरकडे बघत बसले.

"आईला तरी कुठं पाहिजे होता आरसा," धाकटे म्हणाले. "तिला तिचं तोंड पाठ होतं."

धाकट्यांचे खांदे हलू लागले. दोघे हसायला लागले ते थांबेनातच, डोळे पुसायला लागले तरी थांबेनात. आई हे बोलली तेव्हा तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिले होते. कोणी हसते का ते बघत ती थोडा वेळ उभी राहिली होती आणि मग आत गेली होती.

हसू ओसरले. रस्त्यावर कोणी नव्हते. धाकट्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि बोटाने थोरल्यांचा चष्मा जागेवर वर सरकवला.

"आता सोड दादा. गाडी बंद आहे."

थोरल्यांनी हाताची दोरी सोडवली. दांड्यावरचा हात तसाच होता.

"राहू दे जरा," ते म्हणाले.